रोखीनं न मिळणारी वस्तू

येवल्याच्या पेठेत हरकचंद सावकाराचा मोठा दरारा होता. चिमाबाई विणकरीण नव्या मागासाठी कर्ज मागायला आली, तेव्हा तो चारचौघांत हसला. "तुझी पत काय गं? तुझ्यासाठी जामीन कोण राहील?"

चिमाबाई परतली. पुढं वर्षभर ती जवळ सुता-रंगापुरते पैसे असूनही दुकानदारांकडून सूत, रंग उधार नेई आणि मुदतीआधीच उधारी चुकती करी.

ती पुन्हा आली, तेव्हा अख्खी पेठ जामीन राहायला पुढं सरसावली. सावकार चक्रावला. "मुदतीआधी फेडण्याइतके पैसे होते, तर उधार कशाला नेत होतीस?"

"सूत रोखीनं मिळतं, शेठजी. विश्वास उधारी फेडूनच मिळतो."

सावकार थक्क होऊन गादीवरून उठला. "हिला जामीन नको," म्हणत त्यानं तिजोरी उघडली.