हौशीरामने पाणी राखलं

एका गावात एक भोळा जावई होता. नाव हौशीराम. सासऱ्याच्याच घरी राहायचा, सासऱ्याचीच भाकरी खायचा आणि सासऱ्याच्याच पारावर बसून लोकांना सांगायचा, की देव अक्कल वाटत होता तेव्हा आपणही रांगेत होतो, पण हातात चाळणी धरली होती. लोक हसायचे. हौशीरामही हसायचा. स्वतःच्या मूर्खपणाचा त्याला राग नव्हता. इतकी वर्षं सोबत काढल्यावर राग कसला धरायचा?

त्याची बायको मंजुळा मात्र शहाणी. बापाच्या विहिरीच्या कडेला दोन गुंठ्यांचा एक तुकडा होता. लहानपणी आईच्या मागे तिथलेच दगड वेचून ती मोठी झाली होती. यंदा तिने तिथे वांगी लावली होती, दीडशे झाडं. तो तुकडा आपल्या नावावर व्हावा, एवढंच तिचं मागणं होतं.

सासरा अप्पा गुढीपाडव्याला थोरल्या लेकीकडे निघाला, तो अक्षय्य तृतीयेपर्यंत. विहिरीच्या एकवीस पायऱ्यांपैकी अठरा उघड्या पडल्या होत्या, तीन पाण्यात होत्या. अप्पाने जावयाला पायऱ्यांवर उभं करून बजावलं.

"अखितीला मी येतो. वांगी जिती पायजेत आनि विहिरीत एक पायरी तरी पानी पायजे. दोन्ही झालं तर तुकडा तुमचा. न्हाईतर हौशीराम, तू एकटाच आपल्या गावी भावाची म्हसरं राखायला."

हौशीरामने मनात हिशेब मांडला. म्हसरांचं काही नाही, पण मंजुळा इथेच राहणार होती. तिच्याशिवाय आपल्याला डोक्याचा पटकासुद्धा सापडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मंजुळा रोज मळणीला जायची. म्हणून वांगी हौशीरामकडे. पहिल्याच दिवशी त्याने भर दुपारी बारा वाजता मोटार चालू करून पाणी सोडलं. संध्याकाळी मंजुळाने जमीन पाहिली, तर खडखडीत. तिने समजावलं, की भर उन्हात पाणी दिलं तर निम्मं ऊनच पितं. ऊन उतरल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.

"अक्कल माझीच तोकडी," हौशीराम म्हणाला. "पन आता गाठ मारली." आणि त्याने खरोखरच पटक्याच्या टोकाला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुळाचा मामा आला. चार कोस चालून आलेला, ओठ सुकलेले. ओसरीवर टेकला आणि म्हणाला, पाणी आण. हौशीरामने त्याला घोंगडी टाकून दिली, पंखा दिला आणि स्वतः अंगणात जाऊन आभाळाकडे बघत उभा राहिला.

"पानी रे," मामा म्हणाला.

"ऊन उतरू द्या, मामा. आता दिलं तर निम्मं वाया जाईल."

मामाने तासभर वाट पाहिली. मग उठून शेजारी पाणी प्यायला आणि जाता जाता गावभर सांगून गेला. मंजुळाला रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. तिने पुन्हा समजावलं: तहानेला आला तर वेळ बघायची नाही, तो पुरे म्हणेपर्यंत पाजायचं.

"अक्कल माझीच तोकडी. पन आता गाठ मारली."

दुसरी गाठ बसली. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर हौशीराम वांग्यांकडे गेला, तर सगळी माना टाकून उभी. तहानेलीच की ती! त्याने मोटार चालू केली. पहिल्या झाडाशी वाकून विचारलं, "पुरे का?" झाड काही बोलेना. सोडलं पाणी. दुसऱ्याला विचारलं, तेही गप्प. वांगी फार पितात, हे त्याला तोवर माहीत नव्हतं. पाणी वाफ्यातून बांधावर, बांधावरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून शाळेच्या पटांगणात गेलं. मंजुळा धावत येऊन मोटार बंद करीपर्यंत हौशीराम शंभराव्या झाडाशी अदबीने वाकलेला होता. विहिरीतलं पाणी एक पायरी खाली गेलं होतं.

मंजुळा पायरीवर बसून राहिली. बाई चिडली नव्हती, घाबरली होती. दोनच पायऱ्या उरल्या आणि अखिती अजून लांब होती. मग तिने पदर खोचला आणि गावभरची जुनी मडकी मागून आणली. प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडलं, त्यात चिंधीची वात घातली आणि दोन झाडांमध्ये एकेक मडकं पुरलं. पाणी एकदम ओतायचं नाही, नवऱ्याला तिने सांगितलं. मुळाशी द्यायचं आणि थेंब थेंब द्यायचं.

तिसरी गाठ. आणि खरं सांगायचं तर आठ दिवस सगळं छान चाललं. वांग्यांनी माना वर काढल्या, फुलं धरली. हौशीराम स्वतःलाच ओळखेनासा झाला.

नवव्या दिवशी शेजारच्या शिरपा चौगुल्याच्या कडब्याच्या गंजीवर ठिणगी पडली. विहिरीवरून हौशीरामनेच पहिल्यांदा धूर पाहिला आणि तोच पहिल्यांदा पोहोचला. येताना मडकं, वात आणि कुदळ घेऊन आला. गंजीच्या बुडाशी खड्डा केला, मडकं पुरलं, पाणी भरलं आणि उकिडवा बसून थेंब मोजू लागला. लोक घागरी घेऊन धावत आले, तर हा दोन्ही हात पसरून आडवा.

"एकदम ओतू नका. मुळाशी चाललंय."

त्याला उचलून बाजूला ठेवीपर्यंत गंजी गेली. मडकं तेवढं शाबूत राहिलं.

मंजुळाने चौगुल्यांच्या दारात जाऊन हात जोडले. त्यांच्या घरी लेकीचं लग्न होतं. भरपाई म्हणून लाडू करायला मी येते, असं ती कबूल करून आली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, की पाणी देण्याआधी नीट बघत जा. मातीची मूठ दाबायची. लाडू वळला तर ओल आहे, पाणी नको. भुगा झाला तर खुशाल द्यायचं. ही खूण कधी चुकत नाही.

आता लोक म्हणतील, मंजुळाचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तसं नव्हतं. हौशीरामचा घडा सुलटाच होता, फक्त भलत्याच चुलीवर चढायचा.

चौथी गाठ बसली. पंधरा दिवसांनी लग्नाचे लाडू वळायचे होते, तेव्हा तो घराची किल्ली मागायला चौगुल्यांकडे गेला. मंजुळा तूप आणायला आत गेलेली. पुढ्यात मोठी परात, परातीत भाजलेलं बेसन. हौशीरामने सवयीने मूठभर उचललं, दाबलं. भुगा. दुसरीकडून उचललं. तिथेही भुगा. बिचारं किती कोरडं पडलंय, असं मनात म्हणून त्याने तांब्याभर पाणी बेताने सगळीकडे फिरवलं.

त्या लग्नात लोकांनी साखर घातलेलं पिठलं खाल्लं. काहींनी पुन्हा मागून घेतलं, पण चौगुल्यांना ते सांगून उपयोग नव्हता.

मंजुळा त्या दिवशी ओरडली नाही. ओसरीवर बसून आधी हसली, मग हसता हसता रडली. हौशीरामला ते बघवेना. "अक्कल माझीच तोकडी," तो पुटपुटला. गाठ मारायला पटका धरला, तर आता तो डोक्याला पुरेना.

"तुमी आता कुनालाच पानी देऊ नका," मंजुळा डोळे पुसत म्हणाली. "ते मी बघती. तुमी फकस्त खुरपं घ्या. जे आपलं पानी पितं आनि खायला काय देत न्हाई, ते मुळासकट उपटा. तेवढंच पानी वाचंल."

काम सोपं होतं. अखितीच्या आदल्या दिवशी हौशीराम खुरपं घेऊन वाफ्यात बसला आणि मनापासून विचार करू लागला. पाणी पितं आणि खायला काही देत नाही, असं कोण? सगळ्यात आधी नजर स्वतःवरच गेली. पण आपली मुळं कुठं सापडेनात, म्हणून त्याने पुढे पाहिलं. मडक्याभोवती घोळ माजली होती. तिची भाजी या आठवड्यात दोनदा खाल्लेली. बांधाच्या हरळीवर शेळी चरायची, तिच्या दुधाचा चहा सकाळीच झाला होता. आणि वांगी? मडकीच्या मडकी पाणी पिऊन नुसती जांभळी फुलं दाखवत उभी. महिनाभरात एक वांगं ताटात आलं नव्हतं.

हौशीराम खोटं वागणारा नव्हता. त्याने दीडशेच्या दीडशे झाडं उपटली आणि बांधावर नीट रचून ठेवली. घोळीला धक्का लागू दिला नाही.

अखितीला अप्पा आला. मंजुळाने त्याच्याआधी वाफा पाहिला होता. ती विहिरीच्या कठड्याला धरून उभी होती. अप्पाने विहिरीत वाकून पाहिलं. पाण्यात दोन पायऱ्या. मग त्याने ती मडकी पाहिली, बांधावरचा ढीग पाहिला, लेकीचं तोंड पाहिलं. हौशीरामने सगळी हकिगत सांगितली, एकही गाठ न वगळता. अप्पा ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याच्या मिशा हलायला लागल्या.

"अख्ख्या गावाच्या विहिरी आटल्या," शेवटी तो म्हणाला. "शहान्यांनी आटवल्या. माझ्या विहिरीत दोन पायऱ्या पानी हाय, ते ह्या पोरीच्या मडक्यांमुळं. वांगी काय, पुन्यांदा लावता येतील. मंजुळे, तुकडा तुझा. आनि ह्यो बी ऱ्हाऊ दे हितंच."

मंजुळाचे डोळे भरून आले. तिने वाकून बापाचे पाय धरले. हौशीरामला तर आनंद कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसासाठी आपण काहीच केलं नाही, असं लोकांनी म्हणायला नको, म्हणून तो घाईघाईने पुढे झाला.

"अप्पा, मी आपलं-परकं न्हाई केलं. वरच्या अंगाला तुमी आंब्याची साठ कलमं लावलीत ना, दोन वर्सं नुसती पानी पित्यात, एक कैरी न्हाई. तीबी आज सकाळीच उपटली."