उन्हावरची गाडी आणि गजराज

जनावरंही सत्कार-समारंभ करू लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. एका रानातल्या शाळेत खारीने आणि मुंगसाने वर्षभर खपून उन्हावर चालणारी शर्यतीची गाडी बनवली. आज ती ओढ्यापर्यंत आपणहून धावली, तर दोघांना पलीकडच्या रानातल्या शर्यतीला जायला मिळणार होतं. सकाळच्या चाचणीत ती झकास धावली होती.

दुपारी प्रमुख पाहुणे गजराज आले आणि फोटोसाठी नेमके सूर्याच्या बाजूला, गाडीला खेटून उभे राहिले. गाडी सावलीत बुडाली. जागची हलेना.

"साहेब, जरा बाजूला व्हाल का?" मुंगूस म्हणालं.

"गप रे!" मुख्याध्यापक कोल्हा खेकसला. "पाहुण्यांना बाजूला व्हा म्हणतोस?"

गजराज हसले. "पोरांनो, नुसत्या उन्हावर गाड्या चालत नसतात. मोठ्यांचा हातभार लागतो!" त्यांनी सोंडेने गाडी थोडी ढकलली. टाळ्या कडाडल्या. परीक्षक कासवाने शेरा दिला, "गाडी ढकलावी लागली. नापास." मग सगळे गजराजांमागोमाग जेवायला गेले.

सावली हटताच गाडीवर ऊन पडलं. खारीने टुणकन आत उडी मारली आणि गाडी थेट ओढ्यावर नेली. फांदीवर वार्ताहर कावळा आधीच जेवून बसला होता.

"कावळेकाका, बघितलंत ना? मग छापा की!"

"बघितलं गं," कावळा चोच पुसत म्हणाला. "पण गजराजांच्या प्रेरणेने गाडी धावल्याची बातमी मी ते यायच्या आधीच पाठवलीय."