एक अक्षर पुढे

एका राज्यात डोंगराच्या पोटाला एक दगडी दार होते. त्या दाराला कडी नव्हती, कोयंडा नव्हता, साधी फटसुद्धा नव्हती. वर एक ओळ तेवढी कोरलेली होती, जुन्या रीतीने, सगळी अक्षरे एकमेकांना चिकटून. दारासमोर एक पहारेकरी असे. सकाळी, दुपारी आणि सांजेला त्याने ती ओळ मोठ्याने म्हणायची. "दार उघडू" म्हणून काठी आपटायची, ठक्, आणि मग म्हणायचे, "नये." सात पिढ्या हेच चालले होते.

आताचा पहारेकरी खेमाजी. त्याला वाचता येत नव्हते. ओळ बापाने तोंडात घातली होती आणि ठोका मनगटात.

दारापाशी एक दगडी माणूस उभा होता. हातात काठी, हात उगारलेला. त्याला शिलापंडित म्हणत. या थोर माणसाने एकदाच दाराला हात लावला आणि तो जागच्या जागी दगड झाला, असे लोक सांगत. खेमाजी त्याला रोज झेंडूची माळ घाली.

त्या राज्याला एक शापही होता. दरसाल कुणा ना कुणाचे पाय दगडाचे होऊ लागत. दगड रोज बोटभर वर चढे आणि काळजाला भिडला की माणूस संपे. कुणीतरी चोरून दाराला शिवले असणार, असे म्हणून लोक खेमाजीला आणखी जोरात ठोका द्यायला सांगत.

त्या साली शाप खेमाजीच्याच घरात आला. त्याची बायको धोंडाई पावलांपासून दगड होत होत कमरेपर्यंत आली. राजवैद्य आले, लेप लावून गेले. दगडाला लेप कसला लागतो?

"रडता कशाला?" धोंडाई म्हणाली. "आईबापांनी नाव ठेवलं धोंडाई. दगड नाही होणार तर काय कापूस होणार?"

खेमाजीने तिच्या कमरेपासून काळजापर्यंत बोटे लावून पाहिली. पंधरा बोटे भरली.

"अहो, एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दाराआड आहे तरी काय?"

खेमाजीने काठी भिंतीला टेकवली. तो सावकाश बोलणारा माणूस. "ठाऊक नाही. कुणी विचारलंच नाही."

"मग विचारून या. गावातल्यांना नका विचारू, ते तुमचंच उत्तर तुम्हाला देतील. ज्यांना आपल्यासारखं वाटत नाही, त्यांच्याकडं जा."

"आणि पहारा?"

"मी कुठं पळून चालले आहे? मला दारापाशी ठेवा. बसल्या जागी ठोका देईन."

खेमाजीने तिला उचलून दारापाशी ठेवले. दगडाचे ओझे मोठे होते, पण त्याने दम लागल्याचे दाखवले नाही. मग दुसरी काठी घेऊन तो निघाला.

चार बोटे सरली तेव्हा तो एका तळ्याशी पोचला. तिथे तीनशे वर्षांचे कासव राहत होते. त्याच्या पाठीवर उंबर उगवला होता आणि उंबराला फळे धरली होती.

"कासवबाबा, आमचं दार का उघडू नये?"

"उघडू नये असं कोण म्हणतं?"

"सगळेच."

"सगळ्यांतला एक सांग. पंडितानं दाराला हात लावला, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, त्याचं नाव घे."

खेमाजी आठवू लागला. बाप म्हणे आज्याने सांगितले, आजा म्हणे पणज्याने. ऊन डोक्यावर आले, कलले. कासवाने घाई केली नाही.

"एकही नाव सापडत नाही, बाबा."

"वाटलंच मला. कासव संथ असतं, असं तीनशे वर्षं मीही सगळ्यांकडून ऐकतो आहे. पाण्याखाली मला कुणी पाहिलंय का? आता डोंगरावरच्या कोष्टिणीकडं जा. ती माझं म्हणणं खोडून काढील. म्हणूनच जा." एवढे बोलून कासव असे सुळकन गेले, की पाण्यावर फक्त उंबरे तरंगत राहिली.

सात बोटे सरली तेव्हा तो कोष्टिणीकडे पोचला. ती मायावी बाई धुक्याचे सूत काढून मागावर लुगडे विणत होती.

"कासवाचं ऐकून आलास ना?" ती म्हणाली. "ते म्हणतं, पाहिलेलं तेवढं खरं. मी म्हणते, पाहिलंस ते कुठं उभा राहून, ते सांग. जा, मागाच्या पलीकडं बस. काय दिसतं?"

"मोर. डावीकडं बघतो आहे."

"आता इकडं ये."

मोर तोच, पण उजवीकडे बघत होता.

"तुझ्या पंडिताला माळ कोण घालतं?"

"मी. तीस वर्षं झाली."

"माळ घालताना समोर काय दिसतं?"

"त्याचं तोंड. त्याच्या मागं दार." आणि खेमाजी थांबला.

"दार उघडायला निघालेला माणूस दाराकडं पाठ करून उभा राहतो का रे, दादा?"

खेमाजीने कपाळाला हात लावला. "तीस वर्षं, मावशी! तीस वर्षं मला दिसलं नाही."

"माळ घालणाऱ्याचं लक्ष गळ्याकडं असतं," ती म्हणाली आणि तिने त्याला ताकाचा पेला दिला.

"मग तो बघतो कुणाकडं?"

"तू उभा राहतोस त्या जागेकडं. त्याला पहारेकऱ्याला काहीतरी सांगायचं होतं. काय ते मला ठाऊक नाही. पडक्या दीपमाळेवर एक साळुंकी आहे, तिला विचार."

दहा बोटे सरली तेव्हा साळुंकी भेटली. ती बोलकी होती. ऐकलेला एकही आवाज ती विसरत नसे.

"कासव आणि कोष्टीण, दोघंही अर्थामागं धावतात," ती म्हणाली. "मला अर्थ कळतच नाही. त्यामुळं माझी चूक होत नाही. म्हण तुझी ओळ."

खेमाजी ताठ उभा राहिला. "दार उघडू..." ठक्. "...नये."

"ठक् हे अक्षर दगडावर आहे?"

"नाही. ती काठी."

"मग दगडावर आहे तेवढंच म्हण."

खेमाजीने प्रयत्न केला, पण ओळ सुरू झाली की मनगट आपोआप हले. एकदा झाले, दोनदा झाले. तिसऱ्यांदा त्याने काठी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. "दारउघडूनये," तो म्हणाला.

साळुंकीने ते शब्द उचलले आणि श्वास न घेता म्हणू लागली. दारउघडूनये, दारउघडूनये, दारउघडूनये. खेमाजी ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याच्या अंगावर काटा आला. अक्षरे तीच होती. पण ओळ 'दार उघडू नये' अशी नव्हतीच. ती होती 'दार उघडून ये'.

"अगं बाई," तो हळूच म्हणाला, "आम्ही सात पिढ्या कुणाला तरी नको म्हणतो आहोत."

"असेल," साळुंकी म्हणाली. "मला अर्थ कळत नाही." आणि ती किडे वेचायला उडून गेली.

खेमाजी परतला तेव्हा एकच बोट उरले होते. धोंडाई दारापाशी होती. तिच्या हातातली काठी आता जेमतेम हलत होती. शेजारी खुद्द राजा उभा होता, मागे शिपाई.

"पहारा सोडलास," राजा म्हणाला. "शिक्षा ठाऊक आहे?"

"आहे, महाराज. पण दुपारच्या ठोक्याची वेळ झाली. तेवढी ओळ म्हणू द्या."

"म्हण. पण एक अक्षर जरी बदललं, तरी जीभ छाटीन."

"अक्षर बदलणार नाही, महाराज."

धोंडाईने त्याच्याकडे पाहिले. "आलात विचारून?" ती पुटपुटली. त्याने मान डोलावली, तिच्या हातातली जुनी काठी घेतली आणि तो दारासमोर उभा राहिला. मनगट जुन्या जागी पडू पाहत होते. त्याने ते दातओठ खाऊन आवरले, फक्त एका अक्षरापुरते.

"दार उघडून..."

ठक्.

"...ये."

आधी काहीच झाले नाही. शिपायांनी तलवारीला हात घातला. मग डोंगराच्या खूप आतून, झोपेतून उठलेल्या माणसाने 'ओ' द्यावी तसा एक आवाज आला, आणि दार आतून उघडून पाणी आले.

त्या डोंगराची माती माणसात दगड पेरते आणि तेच पाणी तो धुऊन काढते. पहिल्या राजाने ओळ कोरली ती पाण्याला रोज हाक मारायला. बिचारे पाणी आत उभे राहून रोज तीनदा 'नको' ऐकत होते.

पाणी गुडघ्यापर्यंत चढले. मग दारापाशी बसलेल्या धोंडाईच्या भोवती फिरले.

"अहो," ती म्हणाली, "गुदगुल्या होतात पायाला."

खेमाजी तिथेच पाण्यात बसला आणि तिची पावले हातात घेऊन रडला. राजाने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच उजवी मोजडी काढली. आत पायाची दोन बोटे दगडाची झाली होती. कुणाला न सांगता त्याने पाय पाण्यात सोडला.

इतक्यात शिलापंडित शिंकला.

तो पंडित नव्हताच, मांत्रिक होता. हे पाणी त्याला एकट्याला हवे होते. दार फुटेना, अक्षरे पुसली जाईनात, म्हणून तो गुरू बनून आला आणि पहिल्या पहारेकऱ्याला एक ठोका शिकवून बसला. सगळे पाण्याची आशा सोडून घरी गेले की आपण एकट्याने हाक मारू, असा त्याचा बेत होता. पण पाण्यावाचून पहिला दगड तोच झाला, उगारल्या हातासकट; मंत्राच्या जोरावर जीव तेवढा आत उरला. हे सगळे त्याने खाली मान घालून सांगितले.

राजाने तलवार उपसली.

"महाराज," धोंडाई म्हणाली, "दोनशे वर्षं उभा आहे तो. आधी बसू तर द्या."

मांत्रिक बसला. त्याने भाकरी मागितली. खेमाजीने त्याला भाकरी दिली, गळ्यातली माळ मात्र काढून घेतली आणि दाराला बांधली.

पुढे राजाने नवी रीत घातली. ओळ म्हणून झाली की रोज एकाने विचारायचे, "ठोका इथंच का?" आणि पहारेकऱ्याने उत्तर द्यायचे. खेमाजी सावकाश बोले, तरी कुणी उठून जात नसे. एकदा लांबच्या गावची एक म्हातारी म्हणाली, "आणि आणखी एक अक्षर पुढं नेला तर?" खेमाजीने तिला बसायला घोंगडी दिली आणि दोघांनी मिळून दुपारभर तेही करून पाहिले. त्याने काही झाले नाही. पण करून पाहिले.

धोंडाई त्याच पाण्याच्या पाटावर धुणे धूत असे. खेमाजी नावाने हाक मारी तेव्हा ती म्हणे, "आता तरी नाव बदला की."

"नको," तो म्हणे. "अक्षरं तीच राहू देत."

तिच्या दारी पाणी आले, तसे ऐकणाऱ्याच्याही दारी येवो, आणि आपल्या हातातली काठी योग्य अक्षरावर पडो.