वळल्यानंतरचे हात

“म्हणजे हात नक्की कुठे ठेवायचे, मास्तर? कुणी घड्याळातले दहा-दोन म्हणतं, कुणी नऊ-तीन.”

बाबालाल मास्तरांनी स्टेअरिंगवरच्या माझ्या हातांकडे पाहिलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“कुठं बी ठेवा,” ते म्हणाले. “आधी त्याचा गळा सोडा.”

मास्तर बत्तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. आता आमच्या गावात, बंद सूतगिरणीच्या मैदानावर गाडी शिकवतात. मला लायसन्स मिळून पाच महिने झाले होते. तरी मी येतच होते. पास होऊनही त्याच वर्गात बसणारी विद्यार्थिनी त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असेल.

कारण मागच्या सीटवर बसलं होतं. इरा, साडेचार वर्षांची. तिला दमा आहे. नवरा जहाजावर, दवाखाना घाटाखाली, बावीस किलोमीटरवर. श्रावणात भर दुपारी तिचा श्वास अडकला, तेव्हा गाडी दारात उभी होती आणि मी चाळीस मिनिटं रिक्षाची वाट पाहत होते. ती चाळीस मिनिटं मी नवऱ्यालाही सांगितलेली नाहीत.

आज चार वाजता तिची तपासणी होती. पोरीला घेऊनच या, असा मास्तरांचा निरोप होता. घाटात ते सोबत असतील, असं मी धरून चालले होते.

“वळवा.”

वळवलं. उजव्या हाताने ओढलं, डाव्याने पुढे दिलं, शिकवल्याप्रमाणे. पण वळण संपल्यावर सरळ करताना जास्तच ओढलं गेलं. मग उलट्या बाजूला. मग पुन्हा...

“आई, गाडी लंगडते,” मागून इरा.

“सरळ कोण करतंय?” मास्तरांनी विचारलं.

“मीच.”

“म्हणून तर... आता वळलं की सोडा.”

पुन्हा वळण. मी सोडलं. दोन्ही हात मांडीवर. डोळेही मिटले असावेत.

मास्तरांनी हँडब्रेक ओढला. बाभळीपासून चार हातांवर गाडी थांबली.

“सोडा म्हनलं, ताई. टाकून द्या न्हाई म्हनलं.”

“फरक काय त्यात?” माझा आवाज चढला. “मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलंय, मास्तर. चाकं आपोआप सरळ का होतात, ते फळ्यावर काढून दाखवीन तुम्हाला.”

“दाखवाल की,” म्हणत मास्तरांनी मागे इराकडे पाहिलं.

“पोरीचा श्वास कसा बघता?”

हे विचारायची काय गरज होती? तरी मी मागे वळले. पट्ट्याच्या बाजूने इराच्या छातीवर तळवा ठेवला. रोज ठेवते तसा.

“दाबत न्हाई?”

“दाबला तर कळणार कसा?”

“मग उचला की.”

मी उचलला नाही.

“आई, गुदगुल्या होतात,” इरा म्हणाली.

तिसऱ्यांदा वळले. वळण संपलं. तळवे जागेवरच होते, फक्त मऊ. स्टेअरिंग त्यांच्याखालून सरकत सरकत आलं... आणि सरळ होऊन थांबलं.

फळ्यावर हे मी तीन वर्षं काढलं होतं.

“मास्तर, आलं!”

“ते रोजच येत हुतं.”

फाटकापाशी त्यांनी थांबायला सांगितलं. डावीकडे गाव, उजवीकडे घाट. सव्वातीन वाजले होते. मास्तर उतरले, टोपी सारखी केली आणि बाहेरून दार लावलं.

मी काच खाली केली. “चहा घ्यायला उतरलात का? थांबते मी.”

“तपासणीला उशीर हुईल.”

“पण... घाट आहे, मास्तर. आणि मी एकटी?”

“एकटी कुठं? लंगडली तर सांगायला पोरगी हाय की.”

इरा हसली. मला हसू आलं नाही. माझे हात पुन्हा आवळले होते, आणि ते त्यांना दिसत होतं.

“आज नको. पुढच्या वेळी जाईन. तुम्ही असं मला मध्येच...”

मास्तर काचेजवळ आले. गाडीच्या दारावर त्यांनी तळवा टेकवला. अगदी हलका.

“सोडलंय, ताई. टाकलं न्हाई.”