हद्दीपलीकडचा विळा

एका डोंगराभोवती चार गावं होती आणि माथ्याजवळ तेरा घरांचा एक धनगरवाडा. थोरल्या गावाचे लोक तीन पिढ्या डोंगर जाळत आले होते. वाळलं गवत जाळलं की पुढचा चारा जोमानं येतो, असा त्यांचा समज. त्यांचं बघून बाकीच्या तीन गावांनीही काड्या ओढल्या. आग मात्र वर चढायची. गेल्या शिमग्यात तिनं वाड्यातली नऊ घरं खाल्ली. तिथल्या ठकूबाईची दुभती म्हैस दाव्याला बांधलेलीच होरपळली. तिची रेडी तेवढी वाचली.

उपाय सगळ्यांना ठाऊक होता. डोंगराभोवती दहा हात रुंद पट्टा कापून मोकळा केला, की आग तिथंच अडते. चार गावांचे चार आणि वाड्याचा एक, असे पाच वाटेही ठरले होते. दरवर्षी मार्गशीर्षात देवळात बैठक बसायची, नारळ फुटायचा, ठराव व्हायचा. मग तीन गावं म्हणायची, थोरल्यांनी जन्मभर जाळलं, त्यांनी आधी कापावं. थोरले म्हणायचे, आता तुम्हीही जाळता, तुम्ही उतरा मग आम्ही उतरू. दोन्हीकडचं बोलणं खरं होतं, म्हणून तर वाद मिटत नव्हता. अकरा वर्षं लोक झुणका-भाकर खाऊन घरी जात होते.

यंदाही तेच झालं. दुसऱ्या दिवशी ठकूबाई चार बायका घेऊन वाड्याचा वाटा कापायला लागली. तीन दिवसांत तो संपला. मग ती हद्दीचा दगड ओलांडून थोरल्या गावाच्या वाट्यात शिरली. तिची जाऊ राधी चिडली.

"आगी त्यांनी लावायच्या आन् गवात आपण कापायचं व्हय?"

"तुझं खरं हाय," ठकूबाई म्हणाली. "पर वणवा काय खरं-खोटं करत बसत न्हाई."

राग तिलाही होता. दाव्याला होरपळलेली म्हैस ती विसरली नव्हती. तरी तिचा विळा थांबला नाही.

बातमी खाली पोचली. वाड्यावरच्या बायकांनी आपल्या हद्दीत विळा चालवावा, हे थोरल्या गावच्या रावजी पाटलांच्या जिव्हारी लागलं. ते तरातरा वर आले आणि विचारल्याशिवाय हद्दीत पाऊल कसं टाकलं, म्हणून दरडावू लागले.

"हद्द तुमचीच हाय, पाटील," ठकूबाई म्हणाली. "ती वणव्याला तेवढी सांगा. त्यानं ऐकलं तर मी इळा ठिवते."

पाटलांनी वाड्याकडं पाहिलं. समोर नव्यानं शाकारलेली घरं दिसत होती आणि दाराशी बांधलेली रेडी. इतक्या जवळून त्यांनी वाडा कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी हात पुढं केला.

"द्या तो इळा. जास्त आमी जाळलंय. आमचाच हात आदी लागाया पायजे हुता."

इतक्या बैठकांत हे कुणी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी थोरल्या गावाचे चाळीस विळे डोंगरावर होते. बाकीच्या गावांना आता सबब उरली नाही. कुरकुरत का होईना, तीही आली.

शिमग्यात वणवा लागलाच. पट्टा एका ठिकाणी अपुरा राहिला होता, नेमकी तिथूनच आग वर सरकली. पण या वेळी ओल्या फांद्या घेऊन चारी गावं धावली आणि पाटील सगळ्यांच्या पुढं होते. आग विझली तेव्हा ठकूबाईची रेडी दारात रवंथ करत होती.

पुढच्या मार्गशीर्षात बैठक देवळात नाही, त्या अपुऱ्या तुकड्यावर भरली. येताना सगळ्यांनी विळे आणले होते.

तात्पर्य: ज्याचा दोष मोठा त्याचा वाटा मोठा, हे खरंच, पण संकट सगळ्यांचं असेल तेव्हा दुसऱ्याची वाट न पाहता जो कामाला लागतो, तोच बाकीच्यांना उभं करतो.