बोलकी चित्रं

जिल्हा ग्रंथालयाच्या वेबसाइटसाठी मृदुलाने केलेला साधा नमुना अध्यक्षांना आवडला आणि ज्येष्ठ डिझायनर कारखानिसांच्या पोटात दुखू लागलं. काल हाताखाली शिकलेली मुलगी आज आपल्या पुढे जाणार? भर बैठकीत ते म्हणाले, "हिच्या पानात जीवच नाही. माझं बघा, एकेक चित्र बोलकं आहे."

"मग ऐकूया की," म्हणत अंध ग्रंथपाल कुमुदताईंनी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं.

कारखानिसांचं पान उघडताच आवाज आला, "चित्र. चित्र. चित्र. चित्र."

"बोलकी आहेत खरी," कुमुदताई म्हणाल्या, "पण सगळ्यांना मिळून एकच शब्द येतो."

मग त्यांनी मृदुलाचं पान उघडलं. "पुस्तक शोधा. सभासद व्हा."

अध्यक्षांनी तेच पक्कं केलं. कारखानीस जळफळत लॅपटॉप मिटून बसले.