खालीची मात्रा

“…मग चित्रपटाच्या पाट्यांवर माझं नाव तरी कशाला ठेवायचं, आक्का? सांगा ना!”

इंद्रजितच्या शेजारी चंपाआक्का बसली होती. ती शेंगा फोडत होती.

जत्रेच्या माळावर तंबू टॉकीज उभी होती. भर दुपार. इंद्रजितनं संगीत दिलेल्या पहिल्या चित्रपटाचा हा पहिला खेळ. दिग्दर्शक धनवडे म्हणाला होता, इथं टाळी पडली तर कुठंही पडेल.

आणि त्याच धनवड्यानं ऐन वेळी इंद्रजितच्या सगळ्यात मोठ्या कामाला कात्री लावली होती. नावेच्या प्रसंगाचं संगीत. गेलं पार.

“चाळीस वादक, आक्का! अकरा व्हायोलिनं, चार पखवाज. तीनतालात बांधलेली चार मिनिटं… आणि हा म्हणतो, नुसतं पाणी ऐकू दे!”

“का? पाणी काय वंगाळ वाजतंय व्हय?”

“थट्टा नको.” त्यानं खिशातून कागद काढला. निर्मात्याला पत्र. माझं नाव काढून टाका, म्हणून. “खेळ संपला की हे देणार. परत या धंद्यात पाऊल टाकणार नाही.”

आक्कानं कागद उलटासुलटा केला. शाळेची पायरी न चढलेली बाई. ढोलकी शिकली तीसुद्धा तमाशाच्या कनातीला बाहेरून कान लावून, आणि मग चाळीस वर्षं स्टुडिओत भल्याभल्यांना तालावर आणलं. इंद्रजित तिच्याकडं ढोलकी शिकायला आला, तर पहिल्याच दिवशी तिनं त्याला उठवलं होतं. तालात जिथं टाळी न देता उघडा हात हवेत फिरवायचा, ती खालीची मात्रा त्यानं खाल्ली होती, मोजलीच नव्हती. “तिथं वाजवायचं काहीच नव्हतं,” तो म्हणाला होता. त्यावर महिनाभर ढोलकीला हात लावू दिला नव्हता तिनं.

“कागद बरा हाय,” ती म्हणाली, आणि त्यात टरफलं टाकू लागली.

“आक्का!”

“वरडू नगंस. आधी काय झालं? चित्र, का वाजणं?”

“वाजणं. संकलक म्हणाला, मला धरायला काहीतरी द्या. माझं संगीत लावून त्यानं तुकड्याला तुकडा जोडला… म्हणून तर जास्त झोंबतंय.”

“हं.”

कनाती खाली पडल्या. अंधार झाला. खेळ सुरू झाला.

नावेचा प्रसंग मध्यंतराच्या तोंडाशी होता. नावाड्याची विधवा. बाईनं वल्हं धरू नये म्हणणारा अख्खा गाव काठावर उभा. पलीकडं पुरात अडकलेली त्याच गावाची लेकरं. तिनं पदर खोचला आणि नाव लोटली.

नुसतं पाणी…

इंद्रजितनं डोळे मिटून घेतले.

आक्कानं त्याचं मनगट पकडलं. त्याच्या तळहातावर तिची बोटं तीनतालाच्या टाळ्या देऊ लागली.

“डोळं उघड.”

वल्हं पाण्यात गेलं… टाळी. बाईचा चेहरा… टाळी. मग आक्काचा पंजा त्याच्या हातावरून उठला आणि उघडाच हवेत फिरला. खालीची मात्रा. पडद्यावर नाव भोवऱ्यात सापडली. तंबूत कुणी श्वास घेईना.

…टाळी. नाव सुटली.

इंद्रजितच्या अंगावर सरसरून काटा आला. तुकडा न् तुकडा त्याच्याच संगीताच्या मात्रेवर बदलत होता. जिथं व्हायोलिनं चढायची, तिथं लाट चढत होती.

लेकरं नावेत बसली. नाव वळली. काठ जवळ आला. शेवटचं आवर्तन. आक्काचा हात पुन्हा हवेत… टाळी… चौदा… पंधरा… सोळा…

बाईचं पाऊल चिखलात पडलं. धप्प! नेमकं समेवर, पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर.

आणि अख्ख्या तंबूची टाळी पडली. पाचशे माणसं, टाळी एक. तालमीत घोटून घेतल्यासारखी. मग शिट्ट्या काय, फेटे काय! पुढच्या बायका तर उभ्याच राहिल्या. एक म्हातारी पडद्याकडं बोट करून ओरडली, “आली गं माझी वाघीण!”

मध्यंतर झालं. कनाती वर गेल्या. धनवडे माणसं तुडवत आला.

“बघितलंत आक्का? एक सूर नाही, आणि काय टाळी! संगीत नको म्हणालो, ते खरं ठरलं का नाही?”

इंद्रजितच्या ओठावर शिवी आली होती. पण त्याची नजर तळहाताकडं गेली. आक्काच्या टाळ्यांनी लालबुंद झाला होता…

तो हसला. खदखदून हसला. टरफलांसकट कागदाचा बोळा केला आणि तंबूबाहेर भिरकावला.

“धनवडे, पाट्यांवर माझं नाव जरा मोठं घाला.”

“आं? कशाबद्दल? तिथं तुमचं वाजलंच काय?”

आक्का गुडघ्यावर हात रेटून उठली. लुगडं झटकलं. उघडा पंजा तिनं धनवड्याच्या नाकासमोर धरला.

“खालीला थाप कोण मारतंय रं, धनवड्या? पर ती खाऊन समेवर येऊन दाव बघू!”